पिस्तूल बघायला आबांना नेलं

पिस्तूल घ्यायचं ठरलं तेव्हा नवऱ्याखेरीज कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. आमच्या भागात पिस्तूल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतो पांढरा शर्ट, बोटांत अंगठ्या, कमरेला कातडी पाकीट आणि दारात उभी मोठी गाडी. मी कऱ्हाडशेजारच्या मलकापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मला पिस्तूल कागदाच्या गोल निशाणावर मारायला हवं होतं, पण ते सांगत कुणाकुणाला बसणार?

नेमबाजी माझ्याकडे आली तीही अशीच, चुकून. शाळेतल्या मुलींना एअर पिस्तूल शिकायला न्यायचं काम माझ्याकडे आलं. मुली नेम धरायच्या, मी मागच्या बाकावर वह्या तपासायचे. एक दिवस शिकवणारे सर म्हणाले, "मॅडम, बसून कंटाळण्यापेक्षा तुम्हीच मारून बघा की." मी मारलं. मुलींनी पुढं शिक्षणासाठी नेमबाजी सोडली, मी सोडली नाही. काही वर्षांनी स्पर्धांमध्ये बरे गुण पडायला लागले. मग सर म्हणाले, आता पॉइंट टू-टू घ्या, पंचवीस मीटरवर या. लहान काडतुसाचं, कमी झटक्याचं पिस्तूल. परवान्यासाठी पोलीस ठाण्याच्या आणि कचेरीच्या खेपा झाल्या, आणि एकदाचा तो हातात आला. नवं परदेशी पिस्तूल मास्तरणीच्या आवाक्यातलं नव्हतंच, तेव्हा जुनंच शोधायचं होतं.

पहिलं बघितलं ते कोल्हापुरात एका दुकानात. आखूड नळीचं रिव्हॉल्वर होतं. दुकानदार म्हणाला, "घ्या मॅडम, पर्समध्ये बसतंय." मी म्हटलं, मला पर्समध्ये बसवायचं नाही, नेम बसवायचाय. तो हसला आणि पुन्हा तेच पुढं सरकवलं. दुसरं कऱ्हाडजवळच्या एका बागायतदाराकडं होतं. चांगलं होतं म्हणे एकेकाळी, पण नळीत बॅटरी मारून बघितलं तर आत गंजाची बारीक ठिपक्यांची रांग. कपाटात ठेवल्यापासून कुणी तेलाचा बोळा फिरवला नव्हता.

तिसरं सांगलीत एका डॉक्टरबाईंकडं आहे असं सरांकडून कळलं. बाई पुष्कळ वर्षं खेळलेल्या. उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली आणि आता धरवत नाही म्हणून देताहेत.

हे सगळं नवऱ्यानं फोनवर आबांना सांगून टाकलं. आबा म्हणजे माझे वडील, वडूजच्या पलीकडं आमच्या गावी असतात. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन. "जुनं हत्यार आसं कुनाच्या भरवशावर घ्यायचं नसतं पोरी. मी येतो."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आबा फौजेत होते. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, हवालदारच म्हणतात. त्यांची एक गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. सरहद्दीवरच्या कुठल्याशा छावणीत साहेबांनी स्वतःचं पिस्तूल दिलं आणि आबांनी झाडाला टांगलेला डबा पहिल्याच गोळीत पाडला, ही. ती इतक्यांदा ऐकली होती की तो आवाज माझ्या कानात होता. नेमबाजी माझ्यात कुठून आली असं कुणी विचारलं तर मी ती गोष्ट सांगायचे. डॉक्टरबाईंना फोनवर वेळ विचारताना मी म्हटलं, "माझे वडील फौजेतले आहेत. तेच येऊन पारखतील." हे म्हणायची काही गरज नव्हती.

आबा आदल्या दिवशी एसटीनं आले. सकाळी धुतलेला पायजमा, इस्त्रीचा शर्ट, टोपी. गाडीत पुढं ताठ बसले. साखर कारखाने चालू होते, उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले. आबा प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागं थांबलो की म्हणायचे, "दमानं घे. आपल्याला लढाईला न्हाई जायचं."

डॉक्टरबाईंचं घर पहिल्या मजल्यावर. बाई साठीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं. त्यांनी पेटी आणली, पिस्तूल काढलं, गोळ्यांचं मॅगझीन बाजूला ठेवलं, वरची सरकती स्लाइड मागं ओढून अडकवली आणि आतली मोकळी जागा आम्हाला दाखवली. "रिकामं आहे. तरी तुम्हीही बघून घ्या." आणि उघडंच माझ्या हातात दिलं.

मी बघितलं. मूठ लाकडाची, बाईंच्या तळहाताला नेमकी बसेल अशी लांबी, म्हणजे सुताराची पुट्टी, भरून घासून घेतलेली. माझा पंजा त्यांच्याएवढाच निघाला. फक्त अंगठ्याशी जरा टोचत होतं. मी स्लाइड पुढं सोडली, भिंतीकडं तोंड करून नळीवरची नेमाची माशी आणि मागची खाच जुळवून बघितली. मग आबांकडं वळून म्हटलं, "आबा, आता तुम्ही बघा."

आबांनी दोन्ही हात शर्टाला पुसले. पिस्तूल घेतलं. ते कसं धरायचं हे त्यांना कळत नव्हतं, हे मला त्या क्षणी दिसलं आणि तरी मी ते बघितलं नाही असं केलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, तोंडाशी आणून नळीत समोरून डोकावले, "नळी चांगली हाय" म्हणाले. मग एक डोळा मिटला आणि हात लांब केला. स्वयंपाकघरातून कामवाल्या मावशी चहाचा ट्रे घेऊन येत होत्या. नळी त्यांच्याकडं वळली आणि आबांनी चाप ओढला.

टक.

मावशी जागीच थिजल्या. ट्रेमधल्या बशीत चहा सांडला.

"अहो! खाली ठेवा ते!" बाई ओरडल्या. त्यांचा आवाज इतका मोठा निघेल असं वाटलं नव्हतं. "माणसावर धरता? आणि हे रिकामं मारायचं नसतं. या काडतुसाचा मसाला कडेला असतो, त्यामुळं आतली पिन कडेवर आपटते. काडतूस नसलं की ती नळीच्या काठावरच बसते. काठ दबला की गेलं पिस्तूल."

आबांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. तेही नळी आमच्याकडं करून. बाईंनी ते फिरवलं.

"तुम्ही फौजेत कशात होता?" त्यांनी विचारलं. टोचून नव्हे, खरंच विचारलं.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "लंगरात, म्याडम. सैपाकाला."

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. वाईट वाटलं नाही. वाटलं ते असं, की मी फोनवर जे बोलले ते आता बाईंना आठवत असणार. माझे कान तापले. आणि मी म्हटलं, "माफ करा मॅडम. त्यांना यातलं काही कळत नाही. मी त्यांना आणायलाच नको होतं."

आबा माझ्याशेजारीच बसले होते. हातभर अंतर होतं.

आणखी एक. पिस्तूल दुसऱ्याच्या हातात देताना स्लाइड उघडी ठेवून द्यायची, हा पहिल्या दिवशी शिकवतात तो नियम. बाईंनी मला तसंच दिलं होतं. मी आबांना बंद करून दिलं. उघडं दिलं असतं तर चाप ओढूनही काही झालं नसतं. बाईंच्या ते लक्षात आलं असेल, त्या बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही.

उलट त्यानंतर मी फार हुशार झाले. नळीत बॅटरी मारली, मॅगझीनच्या स्प्रिंगा दाबून बघितल्या, चाप किती जोरानं ओढावा लागतो, ते वजन कधी जुळवून घेतलं होतं ते विचारलं, सुटे भाग कुठं मिळतात ते विचारलं. जितकं येत होतं तितकं सगळं बोलून दाखवलं. बाईंनी भिंग आणून नळीचा काठ बघितला, काही झालं नव्हतं. पिस्तूल उत्तम होतं आणि मला परवडणारं होतं. मी घेते म्हणाले. पुढचे कागद दुकानदारामार्फत करायचे ठरले. या सगळ्या वेळात मी आबांकडं एकदाही बघितलं नाही. त्यांच्या चहावर साय धरली होती.

निघताना आबा उठले आणि त्यांनी हात जोडले. "म्याडम, चुकलं माझं." मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन मावशींना म्हणाले, "बाय, घाबरलीस न्हवं? माझ्या पोरीगत हायस तू. माफी कर." मावशी म्हणाल्या, "आवं, ऱ्हाऊ द्या, मोठी मानसं तुमी." त्यांनी दोघींची माफी मागितली आणि ती नीट मागितली. मी मागितलेली माफी कसली होती ते मला जिन्यावरच कळायला लागलं होतं.

परतीच्या वाटेवर इस्लामपूर आलं. मग काचेतून बाहेर बघत आबाच म्हणाले, "पिस्तूल सायबाच्या कमरंला आसायचं. आमी लांबनं बघायचो. रंगरूट हुतो तवा रायफल मारली, तेवढीच. मग लंगर."

"मग तो डबा?" मी विचारलं.

"डबा खरा हाय. तुपाचा. रिकामा झाल्याला."

"पण पाडला कुणी?"

"सायबानीच पाडला. मी टांगला हुता."

इथं मी काहीतरी बरं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "मग आधी सांगायचं ना आबा. मी फोनवर त्या बाईंना काय काय सांगून बसले."

"मला इचारलंस कवा?" आबा एवढंच म्हणाले.

खरंच मी कधी विचारलं नव्हतं. फौजेत तुमचा दिवस कसा जायचा, काय करायचा, थंडीत कुठं झोपायचा, यातलं काही. गोळीच्या आवाजापुढं मला काही ऐकायचंच नव्हतं.

पिस्तूल आलं. महिन्याभरानं मी गावी गेले. पारावर आबा आणि त्यांच्या वयाची चार माणसं बसलेली. मी नमस्कार केला तसा त्यांतला एक म्हातारा म्हणाला, "काय गं बाय, पिस्तूल घेतलंस म्हनं? हवालदारानी पारखून दिलं आसंल?"

मला वाटलं, ही संधी आहे. सांगलीत जे केलं ते इथं फेडता येईल. मी मोठ्यानं म्हटलं, "तर! आबांनीच बघून दिलं. ते नसते तर मी फसले असते."

आबांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मला अजून सहन होत नाही. मग ते त्या माणसांकडं वळले. "न्हाई गड्यांनो. ह्यातलं काय खरं न्हाई. मी हातात घेतलं ते चा आनणाऱ्या बाईवरच धरलं. डॉक्टरीनबाई लय वरडली मला. मी लंगरातला मानूस, मला काय पिस्तुलातलं कळतंय?"

तो म्हातारा, जो स्वतः फौजेतून आलेला, खो खो हसत सुटला. "आरं, लंगरातला हाईस हे आमाला ठावं न्हाई व्हय? माज्या पोरीच्या लग्नात पाचशे मानसांच्या पुऱ्या तळल्यास त्या काय बंदुकीनं तळल्यास?" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "आन त्यो डब्याचा किस्सा? त्यो तर आमी पोरांनाबी सांगतो. ब्येस हाय." आबाही हसले. नंतर बोलणं टेंभू योजनेच्या पाण्यावर गेलं.

सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. त्यांनी आबांना लंगरासकट आणि डब्यासकट घेतलं होतं. मी मात्र फक्त डबा घेऊन गेले होते.

घरी आल्यावर आबा पाय धुताना म्हणाले, "खोटं बोलून मला मोठं करू नगंस बाय. माझं मी बोललो हुतो तेवढं बास झालं." रागानं नव्हे, भाजीत मीठ कमी घाल म्हणावं तसं म्हणाले. मी बरं म्हटलं आणि आत जाऊन आईला उगीचच भाकऱ्या थापायला मदत करायला लागले.

आता दर रविवारी मी पंचवीस मीटरवर जाते. अंगठ्याशी टोचणारी लांबी मी कानशीनं थोडी काढली. पिस्तूल नेमकं मारतं, दोष निघालाच तर माझ्या हाताचा निघतो. डॉक्टरबाई कधीकधी रेंजवर येऊन बसतात आणि दर वेळी विचारतात, "वडील कसे आहेत? आणा त्यांना एकदा. मी शिकवते." मी आबांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, कानाला सोसत नाही.

"त्यांना यातलं काही कळत नाही," हे मी डॉक्टरबाईंच्या हॉलमध्ये म्हटलेलं अजून परत घेतलेलं नाही. मध्ये एकदा फोनवर सुरुवात केली होती. "आबा, सांगलीला त्या दिवशी मी जे बोलले ना—"

"शाळू काढायला मानसं आल्याती," आबा म्हणाले. "त्यांचं जेवान माझ्याकडं हाय. ठेव आता."