वडिलांनी पाहिलेला फुटबॉल

अवसरीत आमचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली. वावर दुसऱ्याचं, कांदा दुसऱ्याचा, पाठ तेवढी आमची. थोरला भाऊ आठवीतच शाळेतून निघाला, बहिणीचं दहावीला थांबलं. मी पुढं शिकलो तो कबड्डीच्या पकडीवर. एकदा धरलेला माझ्या हातून सुटत नसे, म्हणून एका सैनिकी कॉलेजनं मला खेळाच्या कोट्यात घेतलं आणि फुटबॉलचा गोलकीपर केलं. राहणं, खाणं, फी सगळं माफ. पण टीममध्ये असेपर्यंतच.

पालकदिनाला वडील एसटीनं आले. सकाळी प्राचार्यांनी हॉलमध्ये एक जुना काळा-पांढरा इंग्रजी सिनेमा दाखवला, अमेरिकेतल्या लष्करी कॉलेजच्या फुटबॉल टीमचा. तिकडचा फुटबॉल वेगळा. बॉल काखेत मारून पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला आडवं पाडायचं. वडिलांनी तरुणपणी गावची कबड्डी गाजवलेली. ते खुर्चीच्या कडेवर आले.

"आरं, ही तर आपलीच कबड्डी! नुसती डोक्यावर पातेली घातल्यात."

"दादा, आमचा खेळ असा नसतो," मी वडिलांना म्हणालो.

"गप रं. आत्ता बघितला न्हवं मी?"

दुपारी आमची मॅच. शेवटी शेवटी बरोबरी होती आणि समोरचा एकजण सगळ्यांना चुकवून एकटाच माझ्यावर चालून आला. तेवढ्यात रेषेपलीकडून आरोळी आली, "धर! पाय धर त्याचा! सोडू नगं!"

त्या आवाजावर तर मी लहानाचा मोठा झालो, राव. बॉल बाजूनं गेला आणि मी त्याचा घोटा धरला. शिट्टी वाजली तरी सोडला नाही.

मला लाल कार्ड, त्यांना पेनल्टी. आम्ही हरलो. वडील मात्र खूश. "पकड लई झकास व्हती. शिट्टीवाल्याला कळत न्हाई."

मी मनातल्या मनात पेटी भरायला घेतली होती. कोच वडिलांजवळ आले. "काका, हे याला कुणी शिकवलं?"

"मीच की!"

"मग आता तुम्हीच विसरायला लावा. पुन्हा असं झालं तर मला याला ठेवता येणार नाही."

वडिलांचा चेहरा उतरला.

दिवाळीच्या सुट्टीत, मोकळ्या वावरात, ते पायजमा खोचून बॉल घेऊन माझ्यावर धावून यायचे. माझा हात त्यांच्या पायाकडं वळला की शेजारच्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "फाउल!" आई बांधावरून म्हणायची, "बाप येडा झालाय का पोरगं?"

मी टीममध्ये राहिलो आणि कॉलेज पुरं केलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी.