ढब्बूचं लग्न

मावशींना एकटा माणूस बघवत नसे. दवाखान्यात नंबर लावून बसल्या, तरी डावीकडच्या तरुणाला उजवीकडच्या मुलीचं शिक्षण सांगून मोकळ्या होत. लग्नं जुळवणं हा त्यांचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत, एका कोचावर आणि दोन वेताच्या खुर्च्यांवर, तो त्यांनी उभी हयात चालवला होता. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती: लग्न झालेली, आणि मावशींना अजून न भेटलेली.

फक्त घरातल्या भाचीचं काही केल्या जुळत नव्हतं. बहीण गेली तेव्हा मावशींनी या पोरीला बोटाला धरून घरी आणलं होतं. आता ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. मुलगी गुणी, नोकरी बरी, स्थळं आपणहून चालून येत. पण मावशी एकेकाला सुपात घेऊन असं पाखडत की शेवटी सुपात काही उरतच नसे. एकाचं हसणं फार मोठं. दुसऱ्याची आई फार गप्प. तिसरा सगळ्यालाच हो म्हणतो, म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय. शेजारीपाजारी म्हणत, दिव्याखाली अंधार. खरं कारण गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, भाचीलाही होतं. ती गेली की त्या घरात मावशी एकट्या उरणार होत्या. तसं त्यांनी कधी कबूल केलं नाही, हा भाग वेगळा.

अशात एका मुलाचं घर बघायला गेल्या असताना मावशी जिन्यावरून घसरल्या. घोटा मोडला. पाय प्लास्टरमध्ये गेला, तोंड मात्र मोकळंच राहिलं. भाची कामावर असताना त्या तिला इतके फोन करू लागल्या की आठवडाभरातच तिच्या नाकी नऊ आले. शेवटी तिने पर्समधून आपला लहानपणचा खेळ काढला. तळहातात मावेल एवढं यंत्र, बोटभर पडदा आणि मोजकी बटणं.

"हे घे. यात जंगलात फिरायचं. राक्षस भेटतात, आपले राक्षस त्यांच्याशी लढतात. आपण जिंकलो की एखादा उठतो आणि म्हणतो, मलाही तुमच्यात घ्या."

"हरल्यावर? रुसत नाही?"

"नाही. आणि आधी मांसाचा तुकडा खाऊ घातलास तर लवकर वळतो."

"म्हणजे आधी खायला घालायचं आणि मग विषय काढायचा," मावशी म्हणाल्या. "आणि हे तू मला शिकवतेस?"

पडद्यावरची अक्षरं परक्या भाषेतली. भाचीने सांगून ठेवलं की गोल बटण म्हणजे हो, त्याच्या शेजारचं म्हणजे नाही. आणि यंत्र बंद करण्यापूर्वी खेळ सेव्ह करायचा, नाहीतर केलेलं सगळं पुसलं जातं. दारातून परत फिरून ती म्हणाली, "आणि माझ्या ढब्बूला जप."

ढब्बू म्हणजे तिचा पहिला राक्षस. हिरवा, गोल, डोक्यावर एकच शिंग आणि चेहऱ्यावर कायम नुकतंच जेवल्याचा भाव. या घरात नवी आली तेव्हा ही पोर कुणाशी बोलत नसे, तेव्हा तिने ढब्बूला पाळलं आणि वाढवलं. आता त्याला बघून मोठमोठे ड्रॅगन वाट सोडत. दुकानात जेवणाच्या सुट्टीत ती अजूनही त्याला अधूनमधून फिरवून आणायची.

मावशी खेळात अशा रमल्या की फोन बंद पडले. जंगलात भेटेल त्याला खाऊ घालायचं, दोन फटके द्यायचे, घरी आणायचं. "हा दिसायला भयंकर आहे, पण स्वभावाने गरीब," असं त्या झाडाच्या राक्षसाबद्दल शेजारणीला सांगत. शेजारीण घाबरून मान हलवी. तिला वाटलं, नवीन स्थळ आहे.

आणि मग एका दुपारी, फिरता फिरता, मावशींना खेळातलं लग्नाचं सभागृह सापडलं.

तिथे एक दाढीवाला म्हातारा उभा होता आणि राक्षसांच्या जोड्या लावत होता. मावशींचे डोळे भरून आले. इतक्या दूर, इतक्या परक्या मुलखात, आपल्या धंद्याचा माणूस! त्यांनी आपल्या गोतावळ्यावर नजर टाकली. वयाने सगळ्यात थोराड, कर्तबगार आणि अजून बिनलग्नाचा कोण? ढब्बू. त्याच्यासाठी त्यांनी काळ्या पंखांची एक शालीन मुलगी निवडली. म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं. मावशींनी गोल बटण दाबलं. त्याने पुन्हा विचारलं, जरा लांबण लावून. मावशींनी पुन्हा हो म्हटलं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्या वैतागल्याच. "अहो, लग्नात मध्येच इतका विचार करायचा नसतो," असं त्याला सुनावून त्यांनी बटण चांगलं जोरात दाबलं. घंटा वाजल्या. एक अंडं आलं. मावशींनी समाधानाने खेळ सेव्ह केला.

मग त्यांनी ढब्बूला हाक मारायला यादी उघडली. ढब्बू नव्हता. नवरीही नव्हती. मावशींना वाटलं, फिरायला गेली असतील, नवीन लग्न आहे. त्यांनी चहा घेतला, थोडं थांबल्या, पुन्हा पाहिलं. जंगलात शोधलं, तळ्याकाठी शोधलं, म्हाताऱ्यापाशी जाऊन त्याच्यावर बोटं मोडली. म्हातारा पुन्हा पहिल्यापासून तेच विचारू लागला. संध्याकाळी भाची आली तेव्हा मावशी प्लास्टरच्या पायाशी यंत्र ठेवून, तोंडात मारल्यासारख्या बसून होत्या.

"मी ढब्बूचं लग्न लावलं," त्या म्हणाल्या. "आता तो सापडत नाहीये."

भाचीने यंत्र उचललं, पाहिलं, आणि कोचावर बसली.

"मावशी, लग्न झालं की ते जातात. मागे फक्त अंडं राहतं. तो म्हातारा तेच विचारत होता."

"जातात कुठे?"

"त्यांच्या घरी."

"त्यांचं घर हे नव्हतं का?" मावशी जवळजवळ ओरडल्याच. "लहानपणापासून वाढवला त्याला! निदान सांगून तरी जायचं!"

भाचीला आधी रडू आलं. मग मावशींचा रागाने फुललेला चेहरा बघून हसू आलं, आणि ते दोन्ही आवरेना. डोळे पुसून ती म्हणाली, "बरं, मग मी सांगून जाते."

मावशी रागवायचं विसरून तिच्याकडे बघू लागल्या.

"लिफ्ट दुरुस्त करतो तो. तूच नाकारलं होतंस त्याला. म्हणालीस, दिवसभर वर-खाली करणाऱ्याचं मन एका जागी कसं राहील? त्यानंतर त्याच्या चष्म्याची काडी दर आठवड्याला सैल व्हायला लागली. मला तो आवडतो, मावशी. पण तुला असं सोडून कशी जाऊ? म्हणून गप्प राहिले. तू नाही म्हणालीस तर पुन्हा विषय काढणार नाही."

मावशींना नाही म्हणणं अगदी सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर घर होतं तसंच राहिलं असतं. पोरगी शब्दाची पक्की होती, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि त्याचीच त्यांना त्या क्षणी भीती वाटली. रात्रभर तोंड फिरवून पडायचा त्यांचा बेत होता, पण पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे कूसही बदलता येईना.

"रविवारी आण त्याला," त्या छताकडे बघत म्हणाल्या.

रविवारी तो आला. वेताच्या खुर्चीत अवघडून बसला. मावशींनी पाय स्टुलावर ठेवून त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यांना ढीगभर खोडी सापडल्या. तोंडात घास असताना बोलतो. मोजे दोन वेगळ्या रंगांचे. हसताना नाक ओढतो. खुर्ची करकरली तर न विचारता तिच्याखाली वाकून तिचे पाय घट्ट करत बसला, म्हणजे आगाऊही आहे. एरवी यातली कुठलीही एक त्यांना पुरली असती. स्वयंपाकघराच्या दारात भाची हातातला टॉवेल पिळत उभी होती, आणि टॉवेल कोरडाच होता.

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. सगळ्या खोडी गिळल्या. आयुष्यात पहिल्यांदाच गिळत होत्या, घशात अडकल्या.

"माझी एक अट आहे," त्या त्याला म्हणाल्या. "हे लग्न मी जुळवलं, असंच सगळ्यांना सांगायचं."

त्याने गोंधळून भाचीकडे बघितलं. भाची आत आली, मावशींच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि लहानपणी बसायची तशी त्यांना टेकली.

"मग दुसरं कोण जुळवणार होतं?" ती म्हणाली.

मावशी पाहुण्यादेखत रडल्या. विचारलं तेव्हा म्हणाल्या, घोटा दुखतोय.