"कॅल्शियम कथाईन येस?"

आमच्या जळगावच्या घरात सोया दुधाची रिकामी खोकी माळ्यावर साठतात आणि त्यांच्याबरोबर किस्सेही. खोकी भंगारवाला नेतो. किस्से तो घेत नाही, म्हणून तुम्ही घ्या!

माझी ईरा तीन वर्षांची. दुधाचा थेंब गेला की अंगभर गांध्या. डॉक्टर म्हणाले, "कॅल्शियम घातलेलं सोया दूध द्या. हाडं वाढायचं वय आहे."

पहिलं खोकं घरात आलं. सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, धुळ्याकडच्या. गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी खोकं उलटंपालटं केलं.

"हाई कॅल्शियम कथाईन येस?"

"कारखान्यातून, अक्का."

"कारखानामा कथाईन? हाडकाईनी भुकटी व्हई तं मना घरमा नको!"

मी एम.एस्सी. केमिस्ट्री. उत्तर येत नव्हतं! अक्कांनी दहा दिवसांची मुदत दिली. मी म्हटलं, शोधून काढीनच.

*

आधी दुकानदार.

"भाऊ, यातलं कॅल्शियम कशाचं?"

"ताई, हिरवा ठिपका आहे ना!"

"ठिपका दिसला. कॅल्शियम कशाचं?"

त्याने चष्मा चढवून बारीक अक्षरं वाचली, चष्मा काढला. "ताई, केळी न्या ना. केळ्याला कोणी असलं काही विचारत नाही!"

*

मग कंपनीचा कस्टमर केअर.

"मॅडम, आमचं प्रॉडक्ट हंड्रेड परसेंट वीगन आहे."

"कॅल्शियम कुठून येतं?"

"नॅचरल सोर्समधून."

"हाडंपण नॅचरलच असतात हो!"

पलीकडे गाणं वाजायला लागलं. मी फोन ठेवला नाही. भाजी चिरली, कणीक मळली, गाणं पाठ झालं. शेवटी एक मेल आयडी मिळाला. त्यावर रोज सकाळी एक मेल, चहाआधी!

*

या लढाईत एक बारीकशी गोष्ट राहून गेली. खोक्याच्या तळाशी पांढरा गाळ उरायचा. नासला असेल, या भीतीने मी तो तुळशीत ओतायची. आठवड्याने खोक्यावरचं वाचलं: "वापरण्यापूर्वी चांगले हलवा."

म्हणजे ज्या कॅल्शियमसाठी मी भांडत होते, ते लेकीच्या पोटात जातच नव्हतं!

नवरा म्हणाला, "तुळशीची हाडं तेवढी मजबूत झाली!"

अक्कांना हे अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

*

दहाव्या दिवशी मेल आला. कॅल्शियम कार्बोनेट, खाणीतल्या चुनखडीच्या दगडापासून. हाड नाही, शिंपलाही नाही. मी मोठ्याने वाचून दाखवला.

अक्कांनी चंचीतून पानाच्या चुन्याची डबी काढली. "म्हंजे हाऊ चुना?"

"दगड तोच, अक्का. पण तुमचा भट्टीत भाजलेला, तोंड पोळवतो. तो तिला कधीच द्यायचा नाही! दुधातला न भाजलेला."

अक्कांनी डबी मिटली, खोकं जवळ ओढलं. "मंग आते मीच पाजसू."

तेव्हापासून ते काम त्यांचं. नारळ बघावा तसं खोकं कानाशी धरून हलवतात.

*

परवा बालवाडीतून फोन. मॅडमचा आवाज चढलेला.

"ईराच्या आई, ताबडतोब या! ईरा म्हणते, आजी मला रोज चुना पाजते!"

स्कूटी काढली. अक्का मागे बसल्याच. ऑफिसात तीन मॅडम, मधे खुर्चीवर ईरा. मी मेल उघडायला मोबाइल काढला, तोवर अक्का पदर सावरून पुढे झाल्या.

"खरं शे, मॅडम. पाजतस आम्ही चुना. पन हलाईसन!"