बाबालाल मास्तरांची काडी

बाबालाल मास्तर शाळेत यायचे ते पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, आणि हातात छत्रीऐवजी काचेची बरणी घेऊन. सकाळी रंकाळा तळ्याच्या काठाने वाकत वाकत आलेला माणूस दुसरा कसा दिसणार? मी त्या हायस्कुलात संस्कृत शिकवायला नुकताच लागलो होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी ती बरणी माझ्या पोथीला खेटून ठेवली आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, वाकून बघा की. चावत न्हाई." आत चिखलाच्या रंगाचा, सहा पायांचा ओंगळ किडा होता. मी खुर्ची मागे सरकवली.

हे चतुराचं पिल्लू, असं त्यांनी सांगितलं. माळावर भिरभिरणारा चतुर आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो, आणि लहानपणी त्याच्या शेपटीला दोरा बांधायचं पापही केलेलं असतं. पण त्याचं बालपण पाण्यात जातं, तेव्हा त्याला पंख नसतात आणि डासांची पिल्लं खाऊन तो वाढतो, हे मला कुठे ठाऊक होतं? अशा बिनपंखी पिल्लाला विलायतेचे पंडित 'निंफ' म्हणतात, आणि ते नाव ग्रीक पुराणातल्या जलकन्यांचं, असंही त्यांनी सांगितलं. आता मात्र माझ्यातला शास्त्री जागा झाला. आमच्या विहिरींवर साती आसरा बसलेल्या असताना परमुलखातून पोरी आणायचं कारण काय, असं मी विचारलं.

मास्तर एकदम खूश झाले. भांडायला गडी मिळाला की ते नेहमीच खूश व्हायचे. त्यांचे वडील पखाली. पाठीवर कातडी पखाल घेऊन अर्ध्या गावाला पाणी घालत जन्म गेला. "आमचा बा मुसलमान, पर आसरांस्नी हात जोडल्याबिगर त्यानं कधी पखाल भरली न्हाई," मास्तर म्हणाले. "तिकडच्या पोरीबी तशाच. फकस्त त्या अमर न्हाईत. झरा आटला की त्याची पोरबी संपली." मग बरणीवर टिचकी मारून म्हणाले, "ही बरणीतली पोरबी तसलीच."

हेडमास्तरांना हे किड्यांचं प्रकरण मुळीच पसंत नव्हतं. सृष्टिज्ञानाचा आठवड्यातला एक तास मास्तरांनी भांडून मिळवला होता. तपासनीस येतील तेव्हा दाखवण्यासारखं काही नसेल तर तास बंद आणि बरण्या बाहेर, असं त्यांना बजावलेलं होतं. मास्तर निर्धास्त होते. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी बरणीत लव्हाळ्याची एक काळपट काडी उभी खोचली; ती कशासाठी, हे मी विचारलं नाही. किड्याने खाणं सोडलं होतं आणि पाठीवरचे पंखांचे कोंब टरारून फुगले होते. "उद्या सायबाच्या म्होरं पंख फुटत्यात का न्हाई बघा," ते म्हणाले.

घरी देवपूजा माझ्याकडे होती. रोज सकाळी कालची सुकली फुलं काढायची, तांब्यातलं पाणी बदलायचं, हे हातांना इतकं सवयीचं झालेलं की डोळ्यांना विचारावं लागत नसे. त्या दिवशी मी लवकर आलो. पाहतो तर बरणी बुळबुळीत आणि आत कुजकी काडी. आज तपासणी, मास्तरांची वस्तू चकचकीत दिसावी, एवढाच माझा विचार. निर्माल्य काढावं तशी मी काडी काढून खिडकीबाहेर टाकली आणि पाणी बदललं.

तपासनीस आले तेव्हा किडा काचेला पाय लावून वर चढू पाहत होता आणि घसरत होता. मास्तरांनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्या कोटाच्या ओल्या बाहीकडे. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून पाण्यात धरली. किड्याने तिला पाय लावले, पण अंगात बळ राहिलं नव्हतं. तो तळाशी गेला आणि पुन्हा हलला नाही. 'काडी मी टाकली' एवढं एक वाक्य मी बोललो असतो तर मास्तरांवर ठपका आला नसता. हेडमास्तर शेजारी उभे होते, नोकरी नवी होती, आणि मी गप्प बसलो. मास्तर म्हणाले, "साहेब, काडी ठेवायची राहिली. चूक माझी." तास त्याच दिवशी बंद झाला.

संध्याकाळी रंकाळ्याच्या पायऱ्यांवर त्यांना गाठून मी सगळं कबूल केलं. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "पाण्यातनं वर याया त्याला एक काडी लागती, शास्त्रीबुवा. मला म्हाराजांच्या बोर्डिंगात जागा मिळाली म्हणून मी मास्तर झालो, न्हायतर पखालच वाह्यली असती. ती काडी कुणी कचरा म्हणून टाकली न्हाई, हे माझं नशीब." आणि लगेच पायजमा दुमडत उठले. "तास गेला तर जाऊ दे. तळं हाय की."

त्यानंतर दर रविवारी, कुणालाही न विचारता, ते पायऱ्यांवर वर्ग भरवू लागले. कुंभारांची, चांभारांची, पखाल्यांची, कुणाचीही पोरं यायची. हेडमास्तर धुसफुसत राहिले आणि मास्तर शिकवत राहिले.

मास्तर गेले त्या वर्षी मी हेडमास्तर झालो. पहिला हुकूम लिहिला तो सृष्टिज्ञानाच्या तासाचा. बरणी मीच भरून आणली, पायजम्याऐवजी धोतर दुमडून. शिपाई रोज सकाळी त्यातली काडी काढायला हात घालायचा आणि मी त्याला अडवायचो. एका सकाळी काडीवर रिकामी कात चिकटलेली दिसली आणि तिच्यावर बसून एक चतुर पंख वाळवत होता. वर्ग पुढे झेपावला. मी बरणीवर हात आडवा धरला, आणि मास्तरांची काडी कुणी टाकली होती ते पोरांना आधी सांगितलं.