येळवशीच्या रानात अणुवीज

येळवशीला (वेळा अमावस्येला आमच्याकडं असंच म्हणतात) सगळं लातूर शेतात जेवायला जातं. दुकानं बंद, रस्ते ओस, चहाची टपरीसुद्धा उघडी नाही. अशा दिवशी मी आणि माझी भाची सायली कंधारकडं निघालो.

सायली अणुवीज केंद्रात इंजिनिअर. नायगावकडं सौर पंप बसवणाऱ्या अमोलशी तिचं केव्हाच जुळलं होतं. घोडं अडलं होतं अमोलच्या आईपाशी. अणूच्या कामावरची सून घराला, पिकाला, होणाऱ्या लेकरांना बाधेल, ही त्यांची धास्ती. येळवशीला कंधारकडच्या आमच्या रानात या, मग बघू, असा त्यांचा निरोप होता.

अहमदपूर सोडलं आणि गाडी पंक्चर झाली. टायर मला बदलता येतो, पण काठापदराची साडी नेसून नाही. शेजारच्या रानातला एक बाबा धावत आला, त्यानं टायर बदलला आणि आम्हाला ओढतच जेवायला नेलं. येळवशीचा वाटसरू उपाशी गेला तर त्याच्या रानाला म्हणे शोभत नाही. त्यामुळं अमोलच्या शेतावर आम्ही भरल्या पोटी पोचलो.

ज्वारी छातीला लागत होती, हरभऱ्याला घाटे धरले होते. कोपीत (कडब्याच्या खोपीत) पाच पांडव (चुन्यानं रंगवलेले पाच दगड) मांडलेले. अमोलच्या आईंनी मला कुंकू लावलं आणि सायलीपुढं नुसता करंडा सरकवला. तिनं मुकाट्यानं स्वतःचं स्वतः लावलं. माझं डोकं तापलं, पण पाहुणी पडले.

अमोलच्या वडिलांना भीती नव्हती, शंका होत्या. सूर्य फुकट असताना एवढा खर्च कशाला, असं त्यांनी विचारलं. सायलीनं काही लपवलं नाही. केंद्र बांधायला पैसा फार लागतो, वर्षं लागतात, उरलेला कचरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावा लागतो. पण एकदा सुरू झालं की धूर नाही, राख नाही आणि रात्रंदिवस वीज. दिवसा अमोलचे पंप चालतील, पण सूर्य मावळल्यावर दवाखाना आणि गिरणी कशावर चालवायची? कोळसा कमी करायचा तर दोन्ही लागतील, असं तिचं म्हणणं. उद्याच बिल उतरेल असं मात्र ती म्हणाली नाही.

मग आई पहिल्यांदा तिच्याकडं वळल्या.

"अंगाला काय चिकटून येतं का गं? खरं सांग."

"आलं तर मला केंद्राच्या दारातून बाहेर सोडतच नाहीत, काकू. हातपाय, चप्पल, सगळं तपासतात," सायली म्हणाली. "मलाही लेकरं हवीत. भ्यायचंच तर आधी मी भ्यायला पाहिजे."

आई उठल्या. पूजेला लागल्या.

पूजा झाली की पिकावर आंबील (ज्वारीचं आंबवलेलं ताकातलं पेय) शिंपडतात. हा मान घरच्या माणसाचा. अमोल मडकं उचलायला वाकला, तर आईंनी त्याचा हात बाजूला सारला आणि मडकं सायलीच्या हातात दिलं.

"शिंपड. समद्या रानाला लागू दे."

ज्या पिकाला ही पोरगी बाधेल म्हणून त्या भ्यायच्या, त्याच पिकात तिला धाडलं. ती शिंपडत पार बांधापर्यंत गेली आणि मी इकडं पदरानं डोळे पुसत राहिले. नंतर पोटात जागा नसताना बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे) आणि भज्जी (रानातल्या शेंगा-भाज्यांची मिसळभाजी) दोनदा घेतली.

परतताना दिवेलागण झाली. वाटेतल्या गावांत दिवे लागत होते. त्यात कोळसा किती, सूर्य किती, अणू किती, कोण सांगणार? धोरणं दिल्लीत ठरतात. ती घरात घ्यायची की नाही हे मात्र अशी एखादी आई ठरवते, आणि तिला खरं सांगितलं तर ती ऐकते.

लातुरात उतरलो तेव्हा सायलीच्या ओढणीला आंबिलीचा आंबूस वास येत होता. धुवायला टाक, म्हटलं.

"राहू दे मावशी," ती म्हणाली. "एवढं चिकटलेलं असू दे."