एप्रिलमध्ये तुटणारी पट्टी

आमच्या घराला वर्षानुवर्षं वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास होता. नाशकात अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमधून संध्याकाळी आम्ही दोघं तो वास अंगावर घेऊनच यायचो आणि साडी कितीही धुतली तरी तो जायचा नाही. माझी भावजय एकदा म्हणाली होती, "ताई, तुमच्याकडचे लाडूसुद्धा बादलीत वळल्यासारखे लागतात." ती गमतीनं म्हणाली, पण मला ते लागलं, कारण लाडू खरंच तसे लागत होते.

नवरा आधी एका मोठ्या कारखान्यात होता. नव्वदीच्या सुरुवातीला चांगली नोकरी सोडून त्यांनी ही शेड घेतली. सुरुवातीला एक हातमशीन होतं. दांडा ओढायचं काम त्यांचं आणि निघालेल्या मालाला चिकटलेल्या प्लॅस्टिकच्या जादा काड्या कापून तो साफ करायचं काम माझं. आम्ही औषधाच्या बाटल्यांची बुचं करायचो. पोट त्या बुचांवर भरायचं, पण त्यांचा जीव कायम दुसऱ्याच कशात तरी अडकलेला असायचा. एकदा त्यांनी न गंजणारा कपड्यांचा चिमटा केला. त्याला स्प्रिंगच नव्हती म्हणून तो गंजायचा नाही, आणि स्प्रिंग नव्हती म्हणून कपडेही धरायचा नाही. एकदा दोन्हीकडे दुमडणारी बादलीची कडी केली, ती पाण्यानं भरलेल्या बादलीसकट माझ्या पायावर पडली.

कामानं मी दमायचे, त्याचं काही नाही, सगळ्याच बायका दमतात. मला जास्त दमवायची ती त्यांची आशा. "या वेळी नक्की होणार बघ," असं ते म्हणाले की मी मान हलवायची, पोळ्या लाटता लाटता हलवायची, पण हलवायची. दहा वर्षं मान हलवून माणसाचं काय होतं ते मला विचारा.

पट्टीचं खूळ मात्र माझ्याच माहेरी सुरू झालं. माहेर सायखेड्याजवळ, गोदावरीच्या काठाला. धाकटा भाऊ द्राक्षं करायचा. एका एप्रिलमध्ये आम्ही गेलो तेव्हा बागेत खरड छाटणी चालू होती. या छाटणीत गेल्या हंगामाच्या सगळ्या काड्या काढून टाकतात. काड्या निघतात, पण त्या तारेला ज्या सुतळीनं बांधलेल्या असतात तिच्या गाठी तशाच राहतात. त्या काढल्या नाहीत तर नव्या फुटीला फास बसतो. सुरगाण्याकडून मजुरीला आलेल्या बायका भर उन्हात मान वर करून एकेक गाठ विळ्यानं तोडत होत्या. पुढे दोन हजार सालानंतर बांधायला टेपची यंत्रं आली. ती झटपट बांधतात, पण तो टेप काही कुजत नाही, बागेत पायाखाली त्याचे तुकडेच तुकडे सापडतात. त्या वेळी मात्र सगळीकडे सुतळीच होती.

जेवताना भाऊ म्हणाला, "दाजी, तुम्ही येवढं डोकं चालवता, तर आपोआप सुटंल अशी गाठ करा की. बायांच्या माना गेल्या पार."

तो सहज बोलला होता. यांनी हातातला घास ताटात ठेवला, तेव्हाच मी समजले.

त्यांची कल्पना अशी होती की वीतभर लांबीची दातेरी पट्टी करायची. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर काडी आणि तार या दोन्हींभोवती गुंडाळून तिचं टोक तिच्याच डोक्यात अडकवायचं. तिनं हिवाळाभर काडी धरायची, घडांचं वजन पेलायचं, माल निघेपर्यंत दम धरायचा, आणि एप्रिलच्या उन्हात आपण होऊन चुरा व्हायचं. प्लॅस्टिक उन्हात टिकावं म्हणून त्यात एक औषध घालतात. ते किती कमी घालायचं, आणि पट्टी ठिसूळ व्हावी म्हणून मक्याचा स्टार्च किती घालायचा, या दोन गोष्टींवर सगळा खेळ होता. "टिकाऊ प्लॅस्टिक कोणीही करतो," ते म्हणायचे, "वेळेवर मरणारं करून दाखवायला पाहिजे."

स्टार्च ओला राहिला तर मालात फुगे यायचे, म्हणून तो माझ्या गच्चीवर वाळायला आला. जिथे मी कुरडया घालायची तिथे धोतरांवर पांढरं पीठ पसरलेलं. शेजारच्या काकू विचारायच्या, "एवढे पापड कोणाच्या लग्नाचे?" मशीनमध्ये तो स्टार्च करपला की शेडमध्ये जळक्या भाकरीचा वास सुटायचा. मग मशीन बंद, नळी साफ, पुन्हा सुरुवात. शेवटी एक मिश्रण जमलं. गच्चीच्या कठड्याला त्यांनी तारा ताणल्या, त्यावर पट्ट्या अडकवल्या आणि प्रत्येकीला वाळूची पिशवी लटकवली. ऑक्टोबरपासून पट्ट्यांनी पिशव्या धरल्या. एप्रिलमध्ये दुपारी मी कपडे काढायला गेले, तर पिशव्या एकेक करून खाली पडत होत्या. मी खाली हाक मारली. ते जिना धावत चढून आले, एक पट्टी बोटांत घेतली, तिचा बिस्किटासारखा भुगा झाला. खरं सांगते, त्या दिवशी मलाही आनंद झाला.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या छाटणीनंतर भावानं नदीकडचा अख्खा प्लॉट या पट्ट्यांनी बांधला. थोड्याच ओळी घे, असं मी म्हणाले होते. तो म्हणाला, "दाजींचं काम हे, त्यात काय बघायचं." त्याला दाजींचं फार कौतुक होतं. गावात तो सांगत फिरायचा की आमच्या दाजींनी पट्टी शोधून काढली.

जानेवारी संपत आला होता, मण्यांत पाणी उतरून ते पिकायला लागले होते, तेव्हा शेडमध्ये त्याचा फोन आला. "ताई, पट्ट्या तुटाया लागल्या. काड्या खाली येऊ राहिल्या. येताना सुतळी आणा, जेवढी भेटंल तेवढी."

आम्ही पोचलो तेव्हा अर्धा प्लॉट झुकलेला होता. काड्या घडांसकट लोंबत होत्या, काही घड मातीला टेकले होते, काहींवर थेट ऊन येऊन मणी भाजले होते. तो माल आता बाहेरदेशी जाणार नव्हता हे मला पाहताक्षणी कळलं, मी त्याच घरची मुलगी आहे. भाऊ, भावजय, बायका, सगळे सुतळीनं काड्या वर बांधत होते. मी पदर खोचला आणि बांधायला लागले. यांनीही सुतळी घेतली, पण थोड्या वेळानं पाहते तर ते ओळीत नाहीत.

ते विहिरीपाशी उभे होते. विहिरीचं पाणी घरात प्यायला जायचं, म्हणून तिच्या लगतच्या वेलींवर भाऊ कधी फवारणी करत नसे. तिथल्या सगळ्या पट्ट्या शाबूत होत्या. ते एक ओढून पाहत होते, मग दुसरी, मग तिसरी. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. ओशाळलेलं नाही, दुःखाचं तर नाहीच नाही. लहान मुलाला हरवलेली गोटी सापडावी तसं निखळ हसू.

"कळलं!" ते भावाला हाक मारून म्हणाले. "अरे, इथे फवारा पोचत नाही! मोरचुदात तांबं असतं, ते प्लॅस्टिकला आतून पोखरतं. आणि गंधकानं माझं औषधच मारून टाकलं. गच्चीवर कुठे होतं मोरचूद? कुठे होतं गंधक? चूक सापडली!"

द्राक्षबागेत हिवाळाभर मोरचूद आणि गंधकाचे फवारे चालतात, पानं निळसर होतात, माणसांचे कपडे निळे होतात. या सगळ्याचा विचार न करता स्वच्छ उन्हात पट्टी तपासली गेली होती. कारण बरोबर होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण भाऊ हातातली अर्धवट गाठ धरून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. मग त्यानं मान खाली घातली आणि गाठ पूर्ण केली. मला तेव्हा नवऱ्याचा इतका राग आला की विहिरीतच ढकलावंसं वाटलं.

नुकसानीचं काय, असं यांनी विचारलं तेव्हा भाऊ "राहू द्या दाजी," म्हणाला. मार्चमध्ये दरवर्षीप्रमाणे द्राक्षांची पेटी घरी आली. पण ती त्यानं दुसऱ्याच्या हाती पाठवली होती. पूर्वी नाशकात आला की शेडवर चहाला थांबायचा, ते बंद झालं. गावात पट्टीचं नावही त्यानं पुन्हा काढलं नाही.

इकडे यांनी नवीन मिश्रण धरलं. या वेळी गच्चीवरच्या पट्ट्यांवर पाठीवरच्या पंपानं मोरचूद आणि गंधक फवारायचे. कठडा निळा झाला, काकूंच्या चादरी निळ्या झाल्या, भांडण मी निस्तरलं. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पट्ट्या पुन्हा वेळेवर तुटल्या, सगळी फवारणी सोसून. आता फक्त एकदा खऱ्या बागेत बघायला हवं होतं. पण बाग कोण देणार? पिंपळगावपासून वणीपर्यंत त्यांनी ओळखीचे बागाईतदार गाठले. चहा सगळ्यांनी पाजला, बाग कोणी दिली नाही. मागची गोष्ट सगळीकडे पोचली होती.

दिवाळी आली. मी फराळाची भांडी घासत होते तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले. "तू विचारशील का त्याला?" म्हणाले. "एकच ओळ. कडेची दिली तरी चालेल."

मला नाही म्हणायचं होतं. या माणसासाठी मी शेजाऱ्यांची, भावजयीची, सगळ्यांची बोलणी खाल्ली होती, आता उरलेलं एक माहेरही पणाला लावायचं? पण वळून पाहिलं तर ते दारात बोटं मोडत उभे होते, शाळकरी पोरासारखे. मी हात धुतले आणि बरं म्हणाले.

भाऊबीजेला मी एकटीच गेले. भावाला ओवाळलं. ताटात काय घालू म्हणून त्यानं खिशात हात घातला, तेव्हा मी म्हणाले, "या वर्षी साडी नको, काही नको. दाजींना एक ओळ दे."

भावजय चटकन आत निघून गेली. भाऊ पाटावर तसाच बसून राहिला. निरांजनाची वात त्यानं बोटानं सरळ केली.

"दिली," तो म्हणाला. "ओवाळणी हे, नाय कसं म्हणू? पण दाजींला सांग, या टायमाला तुटली तर हसू नका म्हणावं. माल गेला त्याचं मला लय वाटलं नाय गं. हसले त्याचं वाटलं."

एसटीत सगळा रस्ता मी विचार करत होते की हे सांगावं की नाही. घरी पोचले तर ते फाटकात उभे. त्यानं ओळ दिली असं मी म्हणाले तशी त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, पाणी आणून दिलं, सकाळीच पट्ट्या घेऊन निघू म्हणाले. मी फार दमले होते. दमलेल्या माणसाला शब्द गाळून सांगणं जमत नाही. भावाचं बोलणं मी जसंच्या तसं सांगून टाकलं.

"मी हसलो होतो?" त्यांनी विचारलं.

ते खरंच विचारत होते. त्यांना माहीतच नव्हतं.

"हसलात," मी म्हणाले. "सगळ्यांनी पाहिलं."

ते म्हणाले, "मी नाही जाणार." मला वाटलं राग आला असेल. पण तसं नव्हतं. "पट्टी टिकेल बहुतेक," ते म्हणाले. "पण नाही टिकली, तर कशानं तुटली ते मी शोधणारच. आणि ते सापडलं की मला हसू येणार. मला कळणारसुद्धा नाही आलेलं. त्याच्या बागेत उभं राहून पुन्हा तसं नको व्हायला."

मी खूप समजावलं. जिला पट्टीचा कंटाळा आला होता तीच मी, जा म्हणून त्यांच्या मागे लागले. ते गेले नाहीत. शेडवर जाऊन बुचांच्या मशीनवर बसले.

आठवड्यानं शेडमध्ये भावाचा फोन आला. "ताई, दाजी कधी येतेत? बाकी सगळी बांधून झाली, त्यांची ओळ तशीच ठेवली हे."

मी यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. मान हलवून नाही म्हणाले.

"सुतळीनं बांधून घे रे," मी फोनमध्ये म्हणाले. "बुचांचं मोठं काम आलंय, त्यांना सवड नाही."

हळू आवाजात त्यानं विचारलं, "मी बोललो म्हणून का गं?"

"नाही," मी म्हणाले.

फोन ठेवून वळले तर ते मशीन बंद करून माझ्या मागेच उभे होते.

"खरंच ठेवली होती त्यानं ओळ?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. ते जागेवर जाऊन बसले आणि त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं.