आठवड्याचा मालक

आणीबाणी उठली त्या वर्षी आमच्या छापखान्याच्या मालकाने धंदा मोडायला काढला. द्वारका चौकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सातजण कामाला. मी शिशाचे खिळे जुळवून मजकूर बसवायची. छापखाना बंद पडू द्यायचा नाही म्हणून आम्ही सोसायटी काढली आणि तो स्वतःच चालवायला घेतला.

मालकी कशी करायची, हे कुणाच्या बापाला ठाऊक होतं! मग पाळी ठरली. दर सोमवारी किल्ली नव्या माणसाकडे. कोणतं काम आधी, कोणतं मागे, हे आठवडाभर त्याने सांगायचं. पटलं नाही तर सगळ्यांनी यंत्राजवळ खाली बसून भांडायचं. आणि काय भांडायचो आम्ही! बाइंडिंगच्या मावशींनी तर आपल्या पाळीत एका पुढाऱ्याचं पत्रक मागे सारून लग्नपत्रिका आधी घेतल्या. "मुहूर्त थांबत नाही, तुमचं भाषण थांबेल," म्हणाल्या. पुढारी लालबुंद, आणि आम्ही माना खाली घालून हसतोय.

माझ्या पाळीच्या सोमवारी मी तासभर आधी जायची. उगीचच. कुलूप उघडून शाईचा वास घेत नुसती उभी राहायची. तसं सुख पुन्हा नाही मिळालं, खरंच सांगते.

घोळ आम्हीच घातला. लग्नसराईच्या घाईत पाळीचा कंटाळा यायला लागला. आमच्यातले मास्तर सर्वांत वडीलधारे, अगदी देवमाणूस. किल्ली कायमची त्यांच्याकडे असू द्या, असं सुचवलं कुणी? मीच! त्यांचा मान राखायला. पाळी गेली तशी भांडणंही गेली. मास्तर काही विचारायचे, तर आम्ही म्हणायचो, "तुम्ही कराल ते योग्यच." हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं.

आठ-दहा वर्षांनी ऑफसेट आलं, खिळ्यांची कामं आटली. एक दिवस मास्तर कधी नव्हे ते आमच्यात खाली येऊन बसले.

"गिऱ्हाईक आलंय. विकून टाकायचं, की नवं यंत्र शिकून चालवायचं? मला एकट्याला नाही झेपत हे. बोला ना!"

माझा जीव नुसता तुटत होता. ठेवू या, मास्तर, शिकू या! मावशींनाही तेच हवं होतं, त्यांनी मागाहून सांगितलं. पण बोलायची सवयच मोडली होती. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "तुम्ही ठरवाल ते, मास्तर."

मला मेलीला एवढंच सुचलं. आणखी कुणी काही बोलेल म्हणून मास्तर कितीतरी वेळ आमच्या तोंडाकडे बघत बसले होते.